कुणी ‘आवरा’ म्हणेपर्यंत

लॉजच्या बोर्डावर नाव काहीही असो, स्टँडवरचे हमाल आणि टॅक्सीवाले त्याला ‘वहिनींचं लॉज’ एवढंच म्हणायचे. आणि वहिनी म्हणजे काय साधंसुधं प्रकरण नव्हतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. गिऱ्हाईक जिना उतरलं की वहिनी जिना चढल्याच म्हणून समजा. चादर ओढायची, उशीचा अभ्रा उपसायचा, खिडकी सताड उघडायची, फिनेलचं फडकं कोपऱ्यापासून दारापर्यंत. खाली कपातला चहा निवायच्या आत वर खोली तयार. नवरा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा, “आधीच्या माणसाचा एक केस जरी सापडला, तरी खोली फुकट!” इतक्या वर्षांत एकालाही फुकट राहता आलं नाही. काही चेंगट लोकांनी भिंग घेऊन शोधलं असेल, तरी नाही.

या कामात त्यांच्या जोडीला होत्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. कपडे धुण्याचं खातं वन्संचं. मशीन घरात आली तरी तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मशीन सुरू करून त्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या, न जाणो, कामचुकारपणा केला तर! जीभ तिखट, पण हाताला डाग म्हणून सहन व्हायचा नाही.

मग नवरा आजारी पडला, दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. गेला तेव्हा वहिनी शेजारीच होत्या, तेवढं नशीब. त्याचे डोळे मिटवले, थोडा वेळ बसल्या, मग भावाला फोन करायला खाली गेल्या. येताना घशाला कोरड पडली म्हणून दोन घोट चहा घेतला. वर येऊन बघतात तर खाटेवर पांढरीशुभ्र चादर आणि चादरीवर मांडी घालून बसलेला कोणी तिसराच माणूस, गाठोडं उशाशी घेऊन. नवऱ्याच्या चपला आणि चष्मा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारलेली. ती पिशवी सिस्टरनं वहिनींच्या हातात दिली.

वहिनींचा जो तोंडाचा पट्टा सुटला, तो वॉर्डच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. “माणूस जातो न जातो तोच खाट दुसऱ्याला? लाज नाही वाटत? हे काय लॉज आहे?”

स्वतःच्याच धंद्याची शिवी दिली, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. नंतरही बरेच महिने आलं नाही.

ती सिस्टर मात्र ते बोलणं विसरली नाही. निवृत्त झाल्यावर एक दिवस ती लॉजवर येऊन काउंटरसमोर उभी राहिली. वहिनींनी ओळखलं आणि तोंड फिरवलं.

“शिव्या नंतर द्या, आधी ऐका,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही बोललात ते खरं होतं. पण तो गाठोडंवाला सकाळपासून जमिनीवर पडून होता, हेही खरं होतं. दवाखान्याची खाट थांबू शकत नाही. ज्यांच्या आजारावर आता इलाजच उरला नाही, त्यांना न थांबणारी खाट काय कामाची? वेगळं घर पाहिजे. माझ्याकडे हात आहेत. तुमच्याकडे खोल्या आहेत, आणि त्या रिकाम्या आहेत.”

रिकाम्या होत्या, ते काही खोटं नव्हतं. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या स्टँडवर गेल्या होत्या. जुन्या स्टँडवर आजूबाजूच्या गावांच्या तेवढ्या गाड्या उरल्या, आणि तासाभराच्या प्रवासाला मुक्काम कोण करतो? वहिनींनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणून टाकलं. विचार एक दिवस, भांडण पुढे दोन महिने.

भांडण वन्संशी. “अगं, धंदा कसा असावा? गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. आणि तू काय उघडतेयस? इथलं गिऱ्हाईक परत यायचंच नाही!”

“नातेवाईक तर चांगलं म्हणतील, वन्सं.”

“म्हणून काय स्वतः भरती होतील?”

पण बोलता बोलता वन्संनी जुन्या चादरी फाडून मऊ तुकडे शिवायला घेतले होते. त्यांचं असंच असायचं. तोंडानं नाही, हातानं हो.

परवानग्यांसाठी चपला झिजल्या. आठवड्यातून दोनदा येईन आणि बोलावलं की धावत येईन असं कबूल करणारा डॉक्टर मिळाला. दुखणं थांबवणारी औषधं ठेवायला कुलपाचं कपाट आलं. न्हाणीघरांच्या आतल्या कड्या काढल्या, भिंतींना दांडे बसवले, हँडल फिरवलं की डोकं वर उचलणाऱ्या खाटा घेतल्या. बोर्ड बदलला. तरी कोणी तरी बॅग घेऊन जिना चढायचंच. “एक रात्र मिळेल का?” वन्संनी सांगायला सुरुवात केली, “मिळेल, पण सकाळी उठायची हमी नाही!” तो माणूस बॅगेसकट पळाला. वहिनींनी वन्संना काउंटरवर बसायला बंदी केली.

पहिला माणूस आला तो निवृत्त बस ड्रायव्हर. पोटाचा आजार, पार पसरलेला. मुलगी एकच, ती दुसऱ्या गावी औषधांच्या कारखान्यात नोकरीला. बायको कधीच वारलेली. दोघा गड्यांनी त्याला खुर्चीत बसवून आत आणला. वहिनींनी सवयीनं विचारलं, “किती दिवस मुक्काम?”

विचारलं आणि जीभ चावली. सिस्टरनं कपाळावर हात मारला. ड्रायव्हर मात्र खो खो हसला. हसताना पोट धरावं लागलं त्याला. “ते तुम्ही सांगायचं की मी? गाडी कधी सुटणार ते वरच्या ऑफिसला विचारा!”

त्याच्यासाठी तळमजल्यावरची खोली तयार होती, हवेशीर, न्हाणीघराला लागून. त्यानं एकदा बघितली आणि मान हलवली. “रस्ता दिसेल अशी द्या.” रस्ता दिसणारी खोली म्हणजे पाच नंबर, वरच्या मजल्यावर. गड्यांनी तोंडं वाकडी केली आणि खुर्ची उचलली.

वर गेल्यावर दुसरंच नाटक. खाटेचं उसं, म्हणजे डोक्याकडचं टोक, खिडकीच्या भिंतीला होतं. लॉजमध्ये सगळ्याच खोल्यांत तसं. झोपलेल्या माणसाला दार दिसावं, आणि उजेड डोळ्यांवर येऊ नये. ड्रायव्हर म्हणाला, उशी दुसऱ्या टोकाला ठेवा. म्हणजे हँडल पायाकडे जाणार, घंटा पायाकडे जाणार, सगळंच उलटं. “अहो, ही काय झोपायची रीत झाली?” वहिनी म्हणाल्या.

“पाठीमागे रस्ता ठेवून मला झोप येत नाही. जित्याची खोड, वहिनी...” म्हणीचं पुढचं अर्धं तो बोलला नाही.

शेवटी खाटच उचलून फिरवली. तेव्हापासून तो पडल्या पडल्या खिडकीतून रस्ता बघायचा. स्टँडचं फाटक, पंपाजवळचं वळण, वळणावर थांबणाऱ्या गाड्या. इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, हिचा क्लच गेलाय, हा ड्रायव्हर नवीन आहे, याच्या बापाला गाडी शिकवली मी. वन्सं चादर बदलायला आल्या की दोघांची जुंपायची.

“ओ ड्रायव्हर, कूस बदला. रिव्हर्स येतो ना?”

“मागे बघून सांगा, बाई. तुमची साडी चाकाखाली यायची.”

वन्सं बाहेर येऊन म्हणायच्या, “काय वात्रट मेलं!” आणि दुसऱ्या दिवशी चादर बदलायची नसली तरी जायच्या.

मुलगी दर शनिवारी दुपारच्या गाडीनं यायची. अबोल, सरळ भांग, खांद्याला एक कापडी पिशवी. शनिवारी सकाळी ड्रायव्हरचं आणि सिस्टरचं हटकून वाजायचं, कारण तो दुपारची गोळी वेळेवर घ्यायचा नाही. गोळी घेतली की डोळा लागायचा. कळा येत असल्या तरी दात आवळून पडायचा. “मग घेतो. आत्ता नको. मग घेतो म्हटलं ना!” सिस्टर चिडायची. आणि मुलगी दारात आली की हा गडी भिंतीकडे बघत असायचा. “अरे, तू? कधी आलीस? आज शनिवार का?”

एकदा निघताना मुलगी वहिनींजवळ थांबली. “बाबांना मी आले काय, न आले काय, सारखंच आहे, काकू. लहानपणी मी फाटकापाशी त्यांच्या गाडीची वाट बघत उभी असायचे. ते उतरायचे आणि म्हणायचे, अरे, तू अजून जागी? बस, एवढंच.” मग म्हणाली, “मी नसताना काही झालं तर त्यांना एकटं सोडू नका.”

“पोरी, हात हातात असेल. माझा शब्द. हा दवाखाना नाही,” वहिनी म्हणाल्या.

आणि शब्द त्यांनी पाळला. श्वासाची लय बिघडली तेव्हा सिस्टरनं मुलीला फोन केला. तिच्या गावाहून पहिली गाडी मात्र बरीच उशिरा होती, ती तिनं धरली. सकाळी ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा ड्रायव्हरचा हात वहिनींच्या हातात होता. शेवटचा श्वास त्यांनी ऐकला आणि पुढचा येईल म्हणून वाट बघत राहिल्या. तो आला नाही. वहिनींना रडू कोसळलं. स्वतःच्या नवऱ्यासाठी त्या वॉर्डात ओरडण्यात रडायचं राहून गेलं होतं, तेही बहुतेक त्यातच आलं. वन्सं दारात उभ्या राहून पदरानं नाक पुसत होत्या.

डॉक्टर येऊन गेला. ड्रायव्हरला खालच्या थंड खोलीत नेलं, सिस्टरनं त्याचे केस विंचरले, स्वच्छ सदरा घातला. सगळं नीट, शांतपणे झालं. मुलीची गाडी यायला अवकाश होता.

आणि मग वहिनी वर गेल्या.

का गेल्या? कोणी सांगितलं नव्हतं. मन भरून आलेलं, हात रिकामे. रिकाम्या हातांना जे येत होतं, ते हातांनी केलं. चादर ओढली. अभ्रा उपसला. वन्सं मागोमाग आल्याच, त्यांनी बोचकं उचललं आणि खाली मशीनमध्ये टाकलं. वहिनींनी खिडकी उघडली, खाट ढकलून पुन्हा होती तशी केली, उसं खिडकीला. नवी चादर ताणून कोपरे दाबले. फिनेलचं फडकं मारलं. खुंटीवरचा कोट, चष्मा, चपला, चघळायच्या गोळ्यांच्या कागदापर्यंत सगळं एका पिशवीत भरलं. काम करताना बरं वाटत होतं त्यांना, हे मुद्दाम सांगायला हवं. ड्रायव्हरसाठी आपण अजून काहीतरी करतोय, असंच वाटत होतं.

मुलगी आली. बापाजवळ बसली, कपाळावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं उठली आणि म्हणाली, “मी जरा त्यांच्या खोलीत बसते.”

वहिनी तिला वर घेऊन गेल्या. दार उघडलं. मुलगी उंबऱ्यात थबकली, आत बघितलं, मग वहिनींकडे बघितलं.

“ही नाही, काकू. बाबांची खोली.”

वहिनींचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

मुलगी दारावरचा पाचाचा आकडा बघत होती. तिला कळलं. ती खाटेशी गेली, उशीवर हात ठेवला, उचलून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. “त्यांची उशी?”

“अभ्रा... मशीनमध्ये आहे.”

खालून मशीनची घरघर ऐकू येत होती. मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “दवाखाना नाही म्हणाला होतात,” एवढंच म्हणाली आणि हात पुढे केला. वहिनींनी पिशवी तिच्या हातात दिली. देताना त्यांचं लक्ष गेलं, पिशवी प्लॅस्टिकची होती, आणि वरची गाठ त्यांनी स्वतःच मारली होती.

बापाला निरोप देऊन मुलगी आपल्या गावी गेली. त्या संध्याकाळी वहिनी पाच नंबरमध्ये गुडघ्यांवर बसल्या आणि शोधू लागल्या. खाटेखाली, गादीच्या शिवणीत, दाराच्या फटीत. एक केस. एक पांढरा केस मिळाला तरी पाकिटात घालून पाठवला असता. वन्संही वाकून शोधायला लागल्या. पण सापडणार कुठून? काम चोख होतं. आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला, तेच नेमकं आडवं आलं.

वहिनींनी पाच नंबरला कुलूप लावलं. सिस्टरला सांगितलं, “संपलं. मला हे जमणार नाही. मी लॉजवाली आहे, लॉजवालीच राहिले.”

“बाहेर छापखान्यात काम करणाऱ्या एक बाई बसल्यात,” सिस्टर म्हणाली. “त्यांच्या आईला दवाखान्यातून घरी न्या म्हणालेत, आणि घर कुठलं, एक खोली, त्यात पाच माणसं.”

“दुसरीकडे पाठवा.”

“दुसरीकडे कुठे? असतं तर आपण हे कशाला उघडलं असतं?” सिस्टरचाही आवाज चढला. “तुमच्या हातून ही चूक एकदा झाली. मी रोज करायचे, पगार घेऊन! तेव्हा तुम्ही ओरडलात म्हणून निदान मला दिसली तरी. आता तुम्हाला दिसली. दिसलेली चूक घेऊन घरी बसायचं असेल, तर बसा खुशाल.”

वहिनींनी कुलपाची किल्ली कमरेला खोचली. छापखान्यातल्या बाईंना सिस्टरनं आठवड्यानंतर या म्हणून सांगितलं. आठवडा गेला, आणखी एक गेला. वहिनींनी मुलीला फोन लावला. “चूक माझी आहे, पोरी. माफ कर असंही म्हणवत नाही,” एवढं त्या बोलल्या. पलीकडून मुलगी “बरं” म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

मग एका शनिवारी दुपारी वहिनी काउंटरवर बसल्या असताना दारात कोणी तरी उभं राहिलं. सरळ भांग, खांद्याला कापडी पिशवी.

“काही काम नव्हतं, काकू,” मुलगी म्हणाली. तिलाच अवघडल्यासारखं झालं होतं. “आज शनिवार. सुट्टी झाली आणि पाय आपोआप स्टँडकडे वळले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. ती खोली... कोणी आहे का तिथे?”

“कोणी नाही. कोणाला दिली नाही.”

वर जाऊन वहिनींनी कुलूप काढलं. मुलगी आत जाऊन बसली, मग उठली. “हे असं नव्हतं. खाट उलटी होती ना? उलटी करू या.”

दोघींनी मिळून खाट फिरवली. मुलगी चपला काढून तिच्यावर आडवी झाली, बाप पडायचा तशी, हात पोटावर ठेवून. वहिनी दाराशी उभ्या होत्या. खाली एक गाडी वळणावर येऊन थांबली, ब्रेकचा आवाज झाला.

मुलगी मान न हलवता बघत होती. मग हळूच म्हणाली, “काकू, इकडे या. ही माझ्या गावाकडची पुढची गाडी. मी याच वळणावर उतरते. इथून गाडीचं दार दिसतं. उतरणारं माणूस दिसतं. हिरव्या सदऱ्यातला तो माणूस बघा, त्याच्या हातातली पिशवीसुद्धा दिसतेय.”

वहिनींनी वाकून बघितलं. मग त्या खाटेच्या कडेला मटकन बसल्या.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “म्हणून गोळी घ्यायचा नाही.”

“कसली गोळी?”

“शनिवारची. दुपारची गोळी घेतली की झोप यायची. कळा सोसायचा, पण घ्यायचा नाही. सिस्टर भांडायची, मी भांडायचे. मग घेतो, मग घेतो. आम्हाला वाटायचं, हट्टी म्हातारा. तू दारात यायचीस तेव्हा भिंतीकडे तोंड करून...”

“आज शनिवार का, म्हणायचे,” मुलगी म्हणाली.

“माहीत असायचं त्याला! तुला गाडीतून उतरताना बघून मगच तोंड फिरवायचा, लबाड!”

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, उशीत तोंड खुपसून, लहान पोरीसारखी मोठ्यानं. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला गप्प हो म्हणून सांगितलं नाही. आवाज ऐकून वन्सं जिना चढून आल्या, आत बघितलं, आणि आल्या पावली परत जाऊन चहा टाकला.

ऊन खिडकीवरून सरकलं तेव्हा मुलगी उठली. तोंड धुतलं, चहा प्यायली. दाराशी येऊन तिनं एकदा खोलीकडे बघितलं आणि म्हणाली, “आवरा आता, काकू.”

ती गेल्यावर वहिनी खाटेशी गेल्या. चादरीचं टोक धरलं. उशीवर डोक्याचा खळगा होता, कडेला ओल होती, आणि ओलीला चिकटलेला एक लांब काळा केस. ज्या बाईनं चहा निवायच्या आत खोल्या तयार केल्या, ती बाई ते टोक तसंच धरून उभी राहिली.

वन्सं बोचकं न्यायला आल्या. “काय गं, आवरायचं ना?”

“आवरायचं, वन्सं. म्हणाली ती, आवरा. पण जरा बसू या.”

दोघी बसल्या. खाली वळणावर गाड्या येत-जात होत्या. पुष्कळ वेळानं वहिनींनी सिस्टरला हाक मारून छापखान्यातल्या बाईंना फोन करायला सांगितलं, आणि मग अभ्रा काढला.

तेव्हापासून त्या घरात माणूस गेलं की खोलीला कोणी हात लावत नाही. घरचं माणूस येतं, बसतं, पडतं, कोणी कपाट उघडून नुसतं बघत राहतं. कोणाला एक तास पुरतो, कोणी दुसऱ्या दिवशी परत येतं. बाहेर जागेसाठी माणसं थांबलेली असतात, सिस्टर जिन्यात येरझारा घालते, वन्सं मशीनशेजारी स्टुलावर बसून कुरकुरतात. वहिनी काउंटरवर हात बांधून बसतात, नाहीतर हात आपले आपण वर जातील. वरून कोणी ‘आवरा’ म्हटलं की मगच त्या उठतात.